पाणी ठीक नाही

“आता कुणाला विचारायला नको,” असं म्हणत अण्णांनी खोक्यातून मीटर बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

दिवस मावळायच्या आत आमच्या घरी जेवणं उरकत. आई खरकटी ताटं उचलत होती. मीटर पांढरा, मुठीत मावेल एवढा. सोबत काचेची छोटी बाटली आणि गोळ्यांची पाकिटं. बाटलीत तलावाचं पाणी घ्यायचं, गोळी विरघळवायची, बाटली मीटरमध्ये बसवून बटण दाबायचं. पाण्यात क्लोरीन किती आहे ते लगेच आकड्यात दिसणार.

“रंग बघायची भानगडच नाही,” अण्णा म्हणाले. “आकडा काय, कुणीही वाचेल. काय गं चेलू?”

“हो, अण्णा.”

“त्रिशला, बघितलंस का?”

“बघितलं की,” आई म्हणाली. तिच्या हातातल्या ताटांवरून एक वाटी घरंगळून खाली पडली. ती उचलायला आई वाकली आणि जरा वेळ तशीच वाकून राहिली.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. कुपवाडला, एमआयडीसीच्या अलीकडे, आमचा बंगला होता. अण्णांचा पंपाचे सुटे भाग बनवायचा कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. मी चौदा वर्षांखालच्या गटात राज्यात पहिली आले, त्याच वर्षी अण्णांनी बंगल्यामागची बाग खणायला घेतली. आईची जाई गेली, दोन पेरू गेले, आणि तिथे पंचवीस मीटर लांबीचा, दोन लेनचा तलाव झाला. सुरुवातीला नातेवाईक तो बघायला यायचे. मुली म्हणायच्या, चेलना, किती नशीबवान गं तू, घरातच तलाव.

तलाव झाल्यावर शाळेची वेळ जमेना, म्हणून शाळा सुटली. दहावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. अकरावीला प्रवेशच घेतला नाही. “एक वर्ष गेलं तर काय बिघडतंय? राष्ट्रीय पदक मिळालं की कॉलेजवाले दारात येतील,” अण्णा म्हणाले. सकाळी पोहणं, दुपारी व्यायाम, संध्याकाळी पुन्हा पोहणं. तलावाभोवती उंच भिंत होती, भिंतीवर काचा लावलेल्या. पाठीवर पोहताना मला आभाळ दिसायचं आणि शेजारच्या शेवग्याचा शेंडा. काही दिवस असे जायचे की आई, अण्णा आणि तो शेंडा यांच्याशिवाय मी काही पाहिलेलं नसायचं. अस्मिता नावाची माझी मैत्रीण बरेच दिवस फोन करत राहिली. मग तिलाही सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि मलाही.

अण्णा वाईट नव्हते. माझ्याआधी उठून माझ्या पायांना तेल चोळायचे. खारका घातलेलं दूध स्वतः गरम करायचे. कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडणारा हा माणूस माझ्या एका सेकंदासाठी गुडघ्यावर बसून पाण्यात डोकावायचा. पण मी थकले, दुखतंय, नको, हे शब्द त्यांना ऐकूच यायचे नाहीत. ते ऐकायचे आणि म्हणायचे, “असं वाटतं. मग जातं.”

पाणी तपासायचं काम मात्र आईकडे होतं, आणि त्याला कारण होतं. अण्णांना रंग नीट कळत नसत. तरुणपणी रेल्वेतली नोकरी हाताशी आली होती, ती डोळ्यांच्या तपासणीत गेली. ही गोष्ट घरात आम्हा तिघांनाच माहीत. कारखान्यात कुणाला पत्ता लागू नये म्हणून अण्णा फार जपायचे. आणि पाणी तपासायचं म्हणजे सगळा रंगाचाच खेळ. आई उजाडताना तलावाच्या काठावर उकिडवी बसायची, कोपरापर्यंत हात घालून खालचं पाणी दोन नळ्यांत घ्यायची. एका नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं. क्लोरीन जितकं जास्त तितकं गडद. दुसऱ्या नळीत लाल, त्यावरून पाण्याचा आंबटपणा कळायचा. मग ती नळ्या उजेडात धरून बाजूच्या छापील रंगांशी ताडून बघायची आणि आकडा सांगायची. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत उभे असायचे.

एरवी ती म्हणायची, “बरं आहे.” पण कधीकधी म्हणायची, “पाणी ठीक नाही.”

पाणी ठीक नाही म्हणजे सकाळचं पोहणं बंद. क्लोरीन जास्त असेल तर ऊन चढून ते उतरेपर्यंत थांबायचं. कमी असेल तर पावडर घालून, पंप फिरवून दुपारपर्यंत वाट बघायची. अण्णांना घाई असली तरी नियम मोडायचे नाहीत. माझे डोळे, माझी कातडी, माझी छाती, सगळं त्यांना जपायचं होतं. मग ते आईवर घसरायचे. पावडर घालायचं कामही तिचंच ना.

“एक काम दिलंय तुला. घरात बसून एक काम! तेही धड जमू नये?”

“चुकलं,” आई म्हणायची. “काल मापात जरा गडबड झाली.”

“रोज कशी गडबड होते?”

“रोज कुठं होतीय.”

आतल्या खोलीत अंथरुणात मला हे सगळं ऐकू यायचं. आई वेंधळी आहे असंच मलाही वाटायचं. मी कूस बदलून पुन्हा झोपायचे.

दिवाळीनंतर माझा डावा खांदा दुखायला लागला. आधी फक्त पोहताना, मग जिना चढताना कठड्याला धरलं तरी. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून काय होतं ते मला माहीत होतं. पण एकदा टी-शर्ट डोक्यावरून काढताना मी मध्येच अडकले आणि रडायला लागले. आईनं तो काढला. काही विचारलं नाही. गरम पाण्याची पिशवी आणून दिली, एवढंच. पाणी ठीक नसल्याच्या सकाळी त्यानंतर वाढल्या. मी या दोन गोष्टी जोडून पाहिल्या नाहीत.

मीटर आला तो जानेवारीतला मंगळवार होता. रविवारी पुण्यात राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड चाचणी होती.

बुधवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी पोहण्याच्या कपड्यांवर स्वेटर घालून तलावापाशी गेले. आई गाऊनवर शाल घेऊन नेहमीच्या जागी बसली होती. तिनं नळ्या भरल्या, थेंब टाकले, उजेडात धरल्या.

“पाणी ठीक नाही,” ती म्हणाली. “क्लोरीन चढलंय. ऊन पडल्याशिवाय नको.”

“बघू की,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खुशीत होता. नवं यंत्र चालवायला मिळतंय, एवढ्याचीच खुशी. त्यांनी बाटली भरली, गोळी टाकली, हलवली, बटण दाबलं. मग भुवया उंचावल्या. बाटली ओतून दिली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

“एक पॉइंट आठ,” ते म्हणाले. “दोन्ही वेळा. हे तर अगदी मापात आहे.”

“नवीन यंत्र आहे. चुकत असेल.”

अण्णांनी आईच्या हातातली पिवळी नळी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

“चेलू, तू बघ. रंग कुठला?”

मी बघितलं. फिकट पिवळा, लिंबाच्या सरबतासारखा. शेजारच्या छापील रंगांत एक आणि तीनच्या मध्ये कुठेतरी. चढलेल्या क्लोरीनचा रंग कसा असतो ते मी पाहिलं होतं, जवळजवळ नारिंगी.

“फिकट आहे,” मी म्हणाले. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मी आईकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

अण्णांनाही कळलं. पंपाची घरघर तेवढी चालू होती.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

आई हातातली लाल नळी ओतून द्यायला वाकली.

“परवा पाणी ठीक नव्हतं. त्याच्या आधी शुक्रवारी. गणपतीत सलग तीन दिवस.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. “त्रिशला, माझ्या डोळ्यांचं मी आयुष्यात एका माणसाला सांगितलं होतं. तुला. लग्नाआधी सांगितलं होतं.”

“हो.”

“आणि तू त्याचा असा फायदा घेतलास.”

“हो,” आई म्हणाली. “घेतला.”

ती सारवासारव करेल असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. अण्णांनी नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

“स्वेटर काढ. उतर.”

“अहो, तिचा खांदा बघा आधी.”

“तिचा खांदा मी रोज बघतोय.”

“तिला हात वर करायला सांगा.”

“कर गं,” अण्णा म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले. उजवा गेला. डावा खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि पुढे जाईना. मी दात आवळून रेटला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. अण्णांनी ते पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं.

“गार पडलाय. पाण्यात गरम झाला की सुटेल. रविवारपर्यंत कळ काढायची, मग महिनाभर आराम कर.”

मी स्वेटर काढला. उजव्या हातानं टोपी कशीबशी चढवली. हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण मला राग आला नव्हता, रडूही आलं नव्हतं. गोठ्यातल्या गाईला दावणीकडे जाताना काय वाटतं, तसंच काहीतरी. पाय आपोआप उडी मारायच्या ठोकळ्याकडे निघाले.

मागे पाणी हललं.

आई तलावाच्या पायऱ्या उतरत होती. कठड्याच्या नळीला दोन्ही हातांनी धरून, उलटी, शिडी उतरावी तशी. शाल काठावर पडली होती. आई कधीही पाण्यात उतरली नव्हती. नरसोबाच्या वाडीला नदीवर गेलो तरी ती काठावर बसून तांब्यानं पाणी घ्यायची. तलावात सगळीकडे चार फूट पाणी होतं आणि आई जेमतेम पाच फुटांची. शेवटची पायरी सुटली तेव्हा ती “आई गं” म्हणाली आणि पाणी तिच्या खांद्याला लागलं. गाऊन फुगून भोवती तरंगायला लागला. तिनं चष्माही काढला नव्हता.

“वेड लागलंय का तुला?” अण्णा ओरडले.

आई मधल्या दोरीचे तरंगणारे मणी धरत, एकेक पाऊल चाचपत पुढे सरकली. माझ्या लेनच्या साधारण मध्यावर येऊन थांबली.

“पाणी चांगलं आहे म्हणालात ना?” ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. “मग मी उभी राहते.”

“बाहेर ये.”

“तिला डॉक्टरकडे न्या. मग येते.”

“रविवार झाला की नेतो.”

“मग रविवारी येते.”

अण्णा हसले. नंतर चिडले. नंतर दुसऱ्या लेनकडे बघितलं आणि मला तिकडून उडी मारायला सांगितली. आई दोरीखालून वाकायला गेली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत खोकत पलीकडे निघाली आणि दोरी काखेत धरून दोन्ही लेनच्या मध्ये उभी राहिली. ती बराच वेळ खोकत राहिली. आत फोन वाजला. कारखान्यातून असणार. वाजून वाजून थांबला.

“त्रिशला, पाच वर्षं,” अण्णा म्हणाले. आता ते काठावर गुडघ्यांवर बसले होते, माझ्यासाठी बसायचे तसेच. “पाच वर्षं घातलीत मी. चार दिवस राहिलेत. चार दिवसांसाठी तू हे करतीयस?”

“तुम्ही घातलीत. तिची गेली.”

“तिलाच पोहायचंय. तिला विचार.” ते माझ्याकडे वळले. “चेलू, तूच सांग तुझ्या आईला. सांग तिला, बाहेर ये म्हणावं.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. ऊन भिंतीवरच्या काचांवर आलं होतं आणि त्यातला एक कवडसा पाण्यावर हलत होता. अण्णांना मी कधीही ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. कसं म्हणतात तेच मला माहीत नव्हतं.

“अण्णा, मला पोहायचं नाही.”

“आज?”

“आज नाही. रविवारीपण नाही.”

“का?”

“दुखतं,” मी म्हणाले. “लई दुखतंय, अण्णा. दिवाळीपासून.”

ते उठले. प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. पुष्कळ वेळ हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत राहिले. ते चालूच झालेलं नव्हतं. आईचे ओठ निळे पडले होते. मी “आई, बस आता” म्हणाले, तर तिनं नुसती मान हलवली. ती कुणाकडे बघत नव्हती, समोरच्या फरशीकडे एकटक बघत होती.

शेवटी अण्णा उठून आत गेले. दार आपटलं नाही. थोड्या वेळानं पुढच्या अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग हॉर्न. एकदाच.

“आई, अण्णांनी गाडी काढली. चल, बाहेर ये.”

आई हलली नाही.

“आई?”

“मला येता येईना,” ती हळूच म्हणाली. “मघापासून पाय उचलत नाहीत. पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत, चेलू? मला काही दिसेना झालंय.”

चष्म्यावर सगळं पाणी होतं. दोरीवरची तिची बोटं पांढरी पडली होती आणि ती सुटत नव्हती. ती भीतीनं जागच्या जागी थिजली होती. केव्हापासून, कोण जाणे. कदाचित पहिल्या पावलापासून.

मी पाण्यात उतरले. तिची बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली, उजवा हात तिच्या कमरेभोवती टाकला आणि उलटी चालत तिला पायऱ्यांकडे घेऊन गेले. ती माझ्या मानेला लहान मुलासारखी घट्ट मिठी मारून होती. “सोडू नको हं,” एवढंच म्हणत होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी खांद्याचा स्नायू फाटल्याचं सांगितलं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर हात कायमचा गेला असता, असंही म्हणाले. अण्णांनी विचारलं, “परत कधी पोहता येईल?” डॉक्टर म्हणाले, “आधी केस विंचरता येतील का ते बघू.” शस्त्रक्रिया झाली. स्पर्धेत मी पुन्हा कधी उतरले नाही. जूनमध्ये सांगलीला अकरावीत जाऊन बसले, माझ्याहून लहान मुलींच्या वर्गात, आणि पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणाशी काय बोलायचं ते न सुचून पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. अण्णा आईशी वर्षभर कामापुरतंच बोलले. माझ्याशी त्याहून कमी. मग हळूहळू बोलायला लागले. पण त्या सकाळबद्दल एक शब्दही नाही, शेवटपर्यंत नाही.

त्याच दिवशी, मिरजेच्या दवाखान्यात, अण्णा आत एक्स-रे दाखवायला गेले होते आणि मी आणि आई बाहेर बाकड्यावर बसलो होतो. आईनं कपडे बदलले होते, वर माझा स्वेटर घातला होता, तरी ती अजून कुडकुडत होती. तिच्या केसांना क्लोरीनचा वास येत होता. इतकी वर्षं तो वास फक्त माझ्या केसांना यायचा.

“आई, कितीदा खोटं सांगितलंस?”

“कुणी मोजलंय.”

“सरळ सांगायचंस ना त्यांना, तिला आज सोडा म्हणून.”

“सांगितलं होतं. पहिल्या वर्षी.” तिनं स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं आत घेतली. “माझं ऐकायचे नाहीत ते. पाण्याचं ऐकायचे.”

“पण मग तुला किती बोलायचे. रोज उठून.”

“बोलू दे की,” आई म्हणाली. “ते मला बोलत असायचे, तेवढा वेळ तू झोपलेली असायचीस.”